शांततेची राखण

खोडदच्या फाटकापाशी मामांनी मोबाइल बंद केला आणि पडदा खरोखरच काळा झाला आहे ना, हे दोनदा पाहून घेतले. २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन होता. त्या निमित्ताने महाकाय रेडिओ दुर्बिणीचे, सगळा परिसर जिला जीएमआरटी म्हणतो तिचे, आवार सर्वांसाठी खुले असते. नारायणगावहून येणाऱ्या रस्त्यावर सकाळपासून शाळांच्या बस, जीप आणि दुचाक्यांची रांग लागली होती. माझे आजोळ याच जुन्नर तालुक्यातले आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, मी सुट्टीत मामांकडे येत असे तेव्हा, या माळावर सिमेंटचे बुरूज उभे राहताना मी पाहिले होते. पण आत येऊन, अँटेनाच्या अगदी पायथ्याशी उभे राहून वर पाहण्याची मामांची ही पहिलीच वेळ होती. तीस वर्षे ते ज्या तबकड्या शेताच्या बांधावरून पाहत आले, त्यांतली एक आता त्यांच्या डोक्यावर होती आणि तिच्यातून पलीकडचे निळे आकाश स्वच्छ दिसत होते.

मामा बराच वेळ वर बघत राहिले आणि मग म्हणाले, "अगं, ही तर चाळण आहे. चाळणीत पाणी राहत नाही, मग ताऱ्याचा आवाज कसा राहतो?"

मला हा प्रश्न अत्यंत मोलाचा वाटतो, कारण या दुर्बिणीचे सगळे शहाणपण त्याच्या उत्तरात आहे. ४५ मीटर व्यासाची ही तबकडी पत्र्याची नाही. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या दोऱ्या आणि त्यांवर बसवलेली, अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, एवढीच तिची रचना आहे. जाळीचे घर मध्यभागी एक सेंटीमीटरचे आणि कडेला दोन सेंटीमीटरचे आहे. ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांची लांबी साधारण वीस सेंटीमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत असते आणि एवढ्या लांब लहरीला बोटभर भोक भोकासारखे जाणवतच नाही. तिच्या दृष्टीने ती अखंड भिंतच असते. तिथे उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने हे समजावताना मामांनाच उलट विचारले, "आजोबा, द्राक्षांच्या बागेवर तुम्ही पाखरांसाठी जाळी टाकता ना? तिच्यातून मधमाशी जाते, पण साळुंकी जाते का?" मामांचा चेहरा उजळला. मग तिने सांगितले की वारासुद्धा मधमाशीसारखाच आरपार निघून जातो, त्यामुळे तबकडीवर वाऱ्याचा जोर कमी येतो, पोलाद कमी लागते आणि खर्च आवाक्यात राहतो.

ही कल्पना प्राध्यापक गोविंद स्वरूप यांची होती. १९२९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वारा गावी जन्मलेले आणि ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निवर्तलेले स्वरूप हे भारतातील रेडिओ खगोलशास्त्राचे जनक मानले जातात. हाताशी जे आहे त्यातून जगात कुठेच नाही असे काही उभे करायचे, हा त्यांच्या कामाचा स्वभाव शेवटपर्यंत बदलला नाही. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात काम करत होते, तेव्हा तिथे वापरातून बाद होऊ घातलेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनी भारतासाठी मागून घेतल्या आणि त्या १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहून सूर्याचा वेध घेऊ लागल्या. कल्याण म्हटले की आपल्याला जंक्शन आठवते, लोकलची गर्दी आठवते. पण भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवातीची महत्त्वाची पावले याच कल्याणला पडली, ही गोष्ट आपल्या शाळांच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवी असे मला मनापासून वाटते. पुढे उटीला त्यांनी असा डोंगरउतार शोधला, ज्याचा चढ त्या जागेच्या अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे ११ अंशांचा होता. त्यावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण त्यांनी अशी आडवी बसवली की तिची लांबी पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाली. त्यामुळे ती एकाच अक्षावर फिरवली तरी एखाद्या ताऱ्याचा माग तासन्‌तास ठेवता येतो. डोंगरच यंत्राचा भाग करून टाकणारी ही बुद्धी पुढे खोडदच्या माळावर आली.

खोडदच का, याची कारणे अनेक आहेत. इथे उद्योगधंद्यांचा रेडिओ गोंगाट कमी होता, आजूबाजूच्या डोंगरांचा आडोसा होता, आणि १९ अंश अक्षांशावरून उत्तरेचे आकाश तर दिसतेच, पण दक्षिणेचेही पुष्कळसे दिसते. एकूण ३० अँटेनांपैकी १४ खोडदजवळच्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या चौकोनात आहेत आणि उरलेले १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पसरलेले आहेत. एका टोकाचा अँटेना दुसऱ्या टोकापासून २५ किलोमीटरपर्यंत दूर आहे आणि सगळ्यांनी टिपलेले संकेत प्रकाशीय तंतूंच्या केबलमधून मध्यवर्ती इमारतीत येऊन एकमेकांशी जुळवले जातात. म्हणजे ही दुर्बीण खोडद या एका गावची नाही. भुजांवरचे अँटेना कुणाच्या कांद्याच्या, तर कुणाच्या टोमॅटोच्या वावराशेजारी उभे आहेत. त्यांतलाच एक मामांच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मामांना दिवसभरात सर्वांत जास्त कशाने धरून ठेवले असेल, तर ते मंगळाच्या गोष्टीने. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा संदेश मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना ऐकू यावा एवढ्याच शक्तीचा होता. पृथ्वी तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होती आणि तिथून निघालेला संकेत इथे पोहोचायला पावणेदहा मिनिटांच्या वर वेळ लागत होता. तरीही तो क्षीण संकेत खोडदच्या या जाळ्यांनी पकडला. यान वातावरणात शिरल्याचे आणि हवाई छत्री उघडल्याचे संकेत पोहोचताच इथे कळत होते. मग जमिनीला टेकण्याच्या थोडेसे आधी संकेत बंद झाला. यान आदळून नष्ट झाले होते. ही गोष्ट ऐकून मामा गप्प झाले. नंतर चहा पिताना म्हणाले, "म्हणजे त्याचा शेवटचा शब्द आपल्या शिवारात ऐकला गेला." मी त्यांना सांगू पाहत होते की रेडिओ लहर म्हणजे आवाज नव्हे, तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच आहे आणि ऐकणे हा आपला बोलण्याचा प्रकार झाला, पण त्या वाक्यापुढे मला ती दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

दुर्बिणीने अलीकडे जे ऐकले आहे, ते याहून कितीतरी खोल आहे. २९ जून २०२३ रोजी जगभरातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केले की संपूर्ण विश्वात अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसवत जाणाऱ्या लहरींची, एक अखंड गुणगुण चालू असल्याचा पुरावा त्यांना मिळाला आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळेने टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर सेकंदाच्या अंशात येऊन गेली होती, तर या नव्या लहरींचे एकेक आंदोलन पुरे व्हायला कित्येक वर्षे लागतात. सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एखाद्या दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, गाभ्यात एकमेकांभोवती फिरत असली की अशा लहरी उठतात, आणि विश्वभरातल्या अशा असंख्य जोड्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून ही गुणगुण तयार होत असावी, असे मानले जाते.

इतकी संथ लहर मोजायची, तर तिच्याइतकेच मोठे मोजमाप लागते, आणि ते निसर्गाने पल्सरांच्या रूपाने आधीच मांडून ठेवले आहे. पल्सर म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त आणि आकार मात्र पुणे शहराच्या हद्दीत मावेल एवढा. काही पल्सर सेकंदाला शेकडो वेळा गिरकी घेतात आणि दर गिरकीला त्यांचा रेडिओ झोत दीपगृहाच्या झोतासारखा आपल्यावरून फिरून जातो. केंब्रिजमध्ये १९६७ साली संशोधक विद्यार्थिनी असलेल्या जॉसलिन बेल यांनी कागदाच्या लांबच लांब पट्टीवर उमटलेल्या किंचितशा खुणेवरून पहिला पल्सर शोधला. त्याचा ठोका दर १.३३७ सेकंदांनी पडत होता. हे ठोके इतके नियमित असतात की पल्सर हे घड्याळच मानता येते. पृथ्वी आणि पल्सर यांच्यामधले अवकाश गुरुत्वीय लहरीने किंचित ताणले किंवा आकसले, तर ठोका किंचित उशिरा किंवा लवकर येईल. हा फरक सेकंदाच्या एक-कोटीव्या भागाच्या आसपासचा असतो आणि तो वर्षानुवर्षे, अनेक पल्सरांवर एकाच वेळी मोजावा लागतो.

इथेच खोडदचे काम येते, आणि ते मला मामांना त्यांच्याच भाषेत सांगता आले याचा आनंद अजून टिकून आहे. नारायणगावच्या बाजारातून एक मोटारसायकल आणि टोमॅटोचे क्रेट भरलेला एक टेम्पो एकाच वेळी कल्याणकडे निघाले, तर माळशेज घाटात टेम्पो मागे पडणारच. दोघांच्या पोहोचण्यातले अंतर नीट मोजले, तर वाटेत किती घाट होता याचा हिशेब मांडता येईल. ताऱ्यांमधल्या अवकाशात विखुरलेले मोकळे इलेक्ट्रॉन हा रेडिओ लहरींचा घाट आहे. कमी वारंवारतेच्या लांब लहरी त्यात जास्त रखडतात, आखूड लहरी आधी पोहोचतात, आणि हा घाट काळानुसार थोडाथोडा बदलतही राहतो. तो बदल वजा केल्याशिवाय ठोक्याला झालेला उशीर गुरुत्वीय लहरीमुळे झाला की घाटामुळे, हे सांगता येत नाही. कमी वारंवारतेवर घाट सर्वांत ठळक दिसतो आणि जीएमआरटी तर त्याच वारंवारतांवर जगातल्या सर्वांत संवेदनशील दुर्बिणींमध्ये गणली जाते. म्हणून भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांच्या गटाने इथे साडेतीन वर्षे घेतलेली मोजमापे युरोपातल्या पाच मोठ्या दुर्बिणींच्या जवळपास २५ वर्षांच्या नोंदींना जोडली गेली आणि २५ पल्सरांचा तो एकत्रित हिशेब अधिक विश्वासाचा झाला.

त्या निष्कर्षात मला भावलेली गोष्ट अशी की त्यांनी शोध लागला असे म्हटले नाही, पुरावा मिळाला असे म्हटले. शोध म्हणण्यासाठी खात्रीची जी पातळी लागते ती अजून गाठायची होती आणि ती गाठायची तर आणखी काही वर्षे ठोके मोजत राहणे एवढाच मार्ग होता. पंचवीस वर्षांच्या कामानंतरही हा एक शब्द जपून वापरणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे.

याच दुर्बिणीने हायड्रोजन वायूचाही दूरवर माग काढला आहे. हायड्रोजनचा अणू २१ सेंटीमीटर लांबीची लहर सोडतो, पण ती अत्यंत क्षीण असते. जानेवारी २०२३ मध्ये बंगळुरू आणि कॅनडातल्या दोन शास्त्रज्ञांनी जाहीर केलेल्या निरीक्षणात एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेली ती लहर ८.८ अब्ज वर्षे प्रवास करून, विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन, ४८ सेंटीमीटरची होऊन खोडदला पोहोचली होती. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेने गुरुत्वीय भिंगासारखे काम करून तिला सुमारे तीस पटींनी मोठे केले नसते, तर ती सापडलीच नसती. ती निघाली तेव्हा सूर्य नव्हता, पृथ्वीही नव्हती. आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या, म्हणजे जीएमआरटी चालवणाऱ्या संस्थेतल्याच, राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या चित्रांतून एक रेखीव सर्पिल दीर्घिका शोधल्याची बातमी आली. विश्वाचे वय जेमतेम दीड अब्ज वर्षे होते तेव्हाची ती आहे आणि इतक्या लवकर असे सुघड सर्पिल बाहू तयार झाले असतील, असे सहसा कुणी धरत नव्हते. तिला त्यांनी अलकनंदा हे नाव दिले. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात आणि रुद्रप्रयागला अलकनंदा व मंदाकिनी एकमेकींना भेटतात. नावे द्यावीत तर अशी, असे मला ती बातमी वाचताना वाटले होते.

हे सगळे ज्ञान सामान्य माणसापर्यंत नेण्याला आपण विज्ञानप्रसार म्हणतो, आणि महाराष्ट्राला त्याची चांगली परंपरा लाभली आहे. जयंत नारळीकर यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारताना संशोधनाइतकीच काळजी शाळकरी मुलांची घेतली. दुसऱ्या शनिवारची व्याख्याने असोत की पु. ल. देशपांडे यांच्या नावाशी जोडलेल्या पुलस्त्य इमारतीतली मुक्तांगण विज्ञान शोधिका असो. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा अशी उत्तरे जपून ठेवलेली किती घरे त्या सहीकडे पुन्हा पाहत बसली असतील!

तरीही, खोडदच्या परिसरात फिरताना मला दर वेळी वाटते की इथल्या विज्ञानप्रसाराचा अर्थ थोडा वेगळा आहे. इतरत्र तो ज्ञान वाटण्याचा भाग असतो, इथे तो देणे फेडण्याचा आहे. ही दुर्बीण जे ऐकते ते ऐकू येण्यासाठी जमिनीवर शांतता लागते आणि ती शांतता इथली माणसे राखतात. परिसरात मोठे उद्योग येण्यावर बंधने आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा नियोजित मार्गही दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल म्हणून बदलण्याचे ठरले, तेव्हा तालुक्यात मोठी नाराजी पसरली. ती नाराजी मला अडाणीपणाची वाटत नाही. ज्याचा मुलगा शिकून रोज एसटीने पुण्याला जातो, त्याच्यासाठी रेल्वे म्हणजे काय असते हे मी मामांच्या घरात पाहिले आहे. दुर्बीण वाचलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिच्यासाठी ज्यांनी काही सोडले, त्यांना तिने काय ऐकले हे त्यांच्या बोलीत, त्यांच्या अंगणात जाऊन सांगणे हे त्या शांततेचे मोल आहे. ते चुकते करायला वर्षातले एक-दोन दिवस पुरत नाहीत.

त्या दिवशी शेवटच्या दालनात एका मुलीने गॅस पेटवायचा साधा लायटर एका छोट्या रेडिओजवळ नेऊन खटकन दाबला. रेडिओ खरखरला. तिने सांगितले की प्रत्येक ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात आणि विजेच्या तारांवरच्या बारीक ठिणग्या हा दुर्बिणीला होणारा मोठाच त्रास आहे. मामा पुढे झाले. त्यांनी तिला तो लायटर पुन्हा दाबायला लावला, मग आणखी एकदा. मग म्हणाले, "आमच्या विहिरीजवळचा खांब असाच कुरकुरतो. रेडिओ लावला की असंच ऐकू येतं." तिथल्या एका तरुण अभियंत्याने वही काढून गावाचे नाव, विहिरीची जागा आणि खांबाची खूण लिहून घेतली.

पंधरा दिवसांनी दोघे जण मामांच्या वावरात आले. त्यांच्या हातात जुन्या टीव्हीवर असायचा तसा माशाच्या काट्यासारखा अँटेना होता. तो इकडेतिकडे वळवत, कानाला हेडफोन लावून ते बांधाबांधाने चालले आणि बरोबर त्या खांबाखाली येऊन थांबले. तार जिथे चिनी मातीच्या इन्सुलेटरला बांधलेली असते तिथली बांधणी सैल झाली होती, आणि त्या केसभर फटीतून ठिणग्या उडत होत्या. कोरड्या दिवसांत हे जास्त होते, पावसाळ्यात फट ओली झाली की आवाज थांबतो, असे त्यांनी सांगितले. मामा म्हणाले की ते त्यांना ठाऊक होते, फक्त कारण ठाऊक नव्हते. पुढच्या आठवड्यात वायरमनने लाइन बंद करून बांधणी आवळली.

मी पाडव्याला गेले तेव्हा संध्याकाळी मामांनी मुद्दाम मला अंगणात बोलावून ट्रान्झिस्टर लावला. पुणे केंद्रावरच्या बातम्या स्वच्छ येत होत्या, एक खरखर नाही. बातम्या संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी रेडिओ बंद केला. बांधापलीकडची तबकडी सकाळी पूर्वेकडे होती, ती आता पश्चिमेकडे कलली होती आणि तिच्या जाळीतून मावळतीचा उरलासुरला उजेड दिसत होता. मामा तिच्याकडे पाहत म्हणाले, "त्यांनाही आता साफ येत असेल ना?"